टॉर्चला रंगीत जिलेटीन लावून रात्री लाईट पेंटिंग करतो, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून अंधारात टॉर्चने वस्तू उजळतो, पण फोटोत रंग पांढरट येतात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय, लाल जिलेटीन लावून पडक्या भिंतीवर दोन मिनिटं टॉर्च फिरवला, तरी फोटोत भिंत कडेला गुलाबी आणि मधोमध पांढरी आली. आणि विचारताय, मोठा टॉर्च घेऊ का? नका घेऊ. तुमच्याकडे प्रकाश कमी पडत नाहीये, उतू चाललाय.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणारे वेगवेगळे ठिपके असतात. लाल भरपूर पडला की लाल ठिपके काठोकाठ भरतात, पुढचं त्यांना घेताच येत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटीन कागद थोडा हिरवा-निळा प्रकाशही सोडतो, तो बाकीच्या ठिपक्यांत मागून साचत राहतो. तिन्ही भरले की पांढरं. त्यामुळे टॉर्च मारायची वेळ दोन मिनिटांवरून थेट १० सेकंदांवर आणा आणि कागदाची दुहेरी घडी घाला. नाटकांना लाईट पुरवणाऱ्यांकडे जाड जिलेटीन मिळतं, त्याचा रंग खूप शुद्ध असतो. जमलं तर तेच घ्या. हिस्टोग्राम (फोटोत किती उजेड टिपला गेला ते दाखवणारा आलेख) बघताना तिन्ही रंगांचे वेगवेगळे बघा, एकत्रित हिस्टोग्राम इथे फसवतो.

दुसरं कारण चंद्र. भिंतीवर थेट चांदणं असेल तर तुमचा रंग त्यात पाणी घातल्यासारखा पातळ होतो. रंग सावलीत टाकायचा. दाराच्या आत, छपराखाली, कोनाड्यात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या ओसाड जागांचे फोटोग्राफर ट्रॉय पायवा यांचे फोटो शोधून बघा. चांदण्यात उभी मोडकी गाडी आणि रंग तिच्या आतून बाहेर येतोय, अशी त्यांची कितीतरी चित्रं आहेत. मी ते फोटो तासन् तास बघितलेत.

मला स्वतःला ही गोष्ट उमगली ती कोल्हापूरजवळच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळावर. मालकांची परवानगी घेतली, दिवसा जाऊन सगळी जागा पायाखाली घातली आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या रात्री गेलो. मागे धुराडं, छपराखाली कलती ठेवलेली काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, आणि पुढे चुलवाणाचं काळं तोंड. आधी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि ६ सेकंद असा चाचणी फोटो काढला. आभाळ हवं तसं आल्यावर आयएसओ २०० केला. प्रकाश ३२ पट कमी टिपला जाणार, म्हणून वेळ ३२ पट, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट. हा हिशोब पाठ करून टाका, रात्री फार वेळ वाचतो.

पहिल्या फोटोत मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून सगळीकडे लाल फिरवला. चित्र सपाट आलं, लग्नाच्या मांडवासारखं. मग कॅमेरा तिथेच ठेवून मी चुलवाणाच्या बाजूला बसलो, टॉर्च तोंडातून आत घातला आणि फक्त ८ सेकंद लाल मारला. नंतर छपराच्या कडेला जाऊन काहिलीच्या काठावरून निळा तिरपा सरकवत नेला, साधारण २५ सेकंद. काठाला रिव्हेटांची रांग होती. निळ्यात एकेक रिव्हेट उठून दिसला, प्रत्येकाला आपली छोटी सावली. समोरून प्रकाश मारला असता तर त्यातलं काहीच दिसलं नसतं. टॉर्च कायम आडवा-तिरपा मारा आणि हात हलता ठेवा, थांबलात की तिथे पांढरा डाग पडतो. भिंतीच्या निम्म्या अंतरावर गेलात तर प्रकाश चौपट होतो, हेही ध्यानात असू द्या.

टॉर्चचा काच-भाग लेन्सला दिसता कामा नये. पिकासोने १९४९ साली फोटोग्राफर जॉन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर हवेत दिव्याने चित्रं काढली, तिथे दिवाच लेन्सकडे होता. तो प्रकार सुंदर आहे, पण वेगळा. आपल्याला वस्तू उजळायची आहे. मी टॉर्चला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा लावतो. अंगात काळे कपडे आणि सारखं हलत राहणं, एवढ्यावर तुम्ही फोटोत उमटत नाही.

लाल रंगासाठी पिवळसर उजेडाचा टॉर्च चांगला. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा भाग जास्त असतो, त्याच्यावर निळं जिलेटीन उत्तम चालतं पण लाल मरगळतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

आणि गमबूट घालाच. पडक्या जागेत घोणस असू शकते. आजूबाजूच्या वस्तीवर आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, तर उसातून लाल-निळे दिवे फिरताना बघून चार माणसं काठ्या घेऊन धावत आली. त्यांचं बरोबरच होतं.

त्यातले एक आजोबा उमेदीत त्याच चुलवाणाला चिपाडं घालायचे. त्यांना कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "जाळ भाईर असा नसतोय बाळा. काहिलीखालीच घुटमळतो." मी तोंडाच्या बाहेर, वरच्या दगडांपर्यंत लाल पसरू दिला होता. त्यांना थांबवून घेतलं, टॉर्च पालथा धरला, आतल्या राखेवर ५ सेकंद मारला आणि बाहेर काहीच नाही. आजोबांनी तो फोटो बघितला आणि नुसती मान हलवली. तोच मी ठेवला, बाकीचे पुसले.

तुमच्या भिंतीला दार किंवा खिडकी असेल तर पौर्णिमेच्या आदल्या रात्री जा आणि फक्त आतून १० सेकंद लाल मारून बघा. बाहेरून काही नको. नसेल तर दुसरी जागा शोधा. फोटो टाकलात तर वेळ आणि अंतर लिहा, मग नेमकं सांगता येईल.