तण पट्ट्यापट्ट्यानं का उरतं?

प्रश्न : सोयाबीनमध्ये शिफारशीचं तणनाशक फवारलं. पट्ट्यापट्ट्यानं तण हिरवंच राहिलं, मध्येमध्ये पीक पिवळं पडलं. कीटकनाशकाचाच 16 लिटरचा पाठीवरचा पंप वापरला होता. औषध बनावट असेल का?

उत्तर : औषध बनावट असतं तर सगळ्या रानात सारखंच फसलं असतं. पट्टे पडले म्हणजे आधी नोझल आणि हात तपासा. कीटकनाशकाचं नोझल शंकूसारखा गोल फवारा देतं. बारीक थेंब झाडाच्या आतवर जायला ते चांगलं. तणनाशकाला मात्र पंख्यासारखा चपटा फवारा देणारं फ्लॅट फॅन नोझल लागतं. दांडी डावी-उजवीकडे झुलवत चाललं की हात वळतो तिथे दुप्पट औषध पडतं आणि दोन झोक्यांमधली जागा कोरडी राहते. नोझलची चीर चालण्याच्या दिशेला आडवी ठेवा, उंची साधारण दीड फूट, हात स्थिर. पंख्याच्या कडांना पाणी कमी पडतं, म्हणून शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर यायला हव्यात.

कोरड्या, कडक जमिनीवर साधं पाणी फवारून पाहा. मधली एखादी रेघ आधी वाळली तर नोझल तुंबलंय किंवा झिजलंय.

आता मात्रा. 'पंपाला दोन झाकणं' हा हिशोबच नव्हे. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे एक गुंठा आखा. टाकीत मोजून पाणी घ्या, नेहमीच्या चालीनं गुंठा फवारा आणि उरलेलं मोजा. 5 लिटर लागलं तर एकराला 200 लिटर, म्हणजे साडेबारा पंप. लेबलवर एकरी 1 लिटर औषध असेल तर पंपाला 80 मिली. नोझल किंवा फवारणारा माणूस बदलला की पुन्हा मोजायचं; चाल मंदावली की तेवढ्याच जागेवर जास्त औषध पडतं, पीक पिवळं पडतं ते यामुळेच.

प्रश्न : टू-फोर-डी हे तणनाशक फवारलेल्या पंपानं नंतर कपाशीवर कीटकनाशक मारलं, तर पानं भेंडीसारखी चिरली.

उत्तर : टाकीत, नळीत, वॉशरमध्ये राहिलेला अंशही कपाशीला पुरतो. नुसतं विसळून तो जात नाही. तीनदा धुवा, मग लिटरला 10 मिली घरगुती अमोनिया घातलेलं पाणी भरा, थोडं नोझलमधून सोडा, बाकीचं रात्रभर राहू द्या आणि सकाळी साध्या पाण्यानं धुवा. हे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. खरं तर तणनाशकाला पंपच वेगळा ठेवा.

प्रश्न : तुंबलेलं नोझल तारेनं साफ केलं तर चालेल?

उत्तर : नाही, भोक मोठं होतं. तोंडानं फुंकणं तर मुळीच नको. पाणी आणि दातांचा जुना ब्रश पुरे. एक मिनिट फवारा मापात धरा. नवं असताना 600 मिली येत होतं आणि आता 660 च्या वर जातंय, तर ते नोझल टाकून द्या.