सेमिनरीची दोन वर्षं वाया जातील का?

न्यू जर्सीत गोदामात रात्रपाळी करणारे चौतिशीचे एक गृहस्थ पत्नीसह समुपदेशनाला आले. मूळचे अहिल्यानगरकडचे, शिक्षण बारावी, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये बरीच वर्षं संडे स्कूल शिकवतात. एका सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या, ईश्वरविज्ञानातल्या ‘असोसिएट’ या दोन वर्षांच्या पदवीचा अर्ज भरून ठेवलेला होता. पत्नीने सरळ विचारलं, “साठवलेले पैसे घालून हे पाळक (पास्टर) होणार आहेत का? नसतील, तर कशासाठी?”

ही काळजी रास्त आहे. पाचारणावरच, म्हणजे देवाने सेवेला बोलावण्यावरच, शंका घेतल्यासारखं होईल, म्हणून बहुतेक घरांत ती बोलली जात नाही.

पाळकीय दीक्षा मंडळी देते, कॉलेज नाही. म्हणून अर्ज बाजूला ठेवून त्यांना आधी त्यांच्या पाळकांकडे पाठवलं: दीक्षेसाठी किमान शिक्षण किती, हे लेखी आणा. काही स्वतंत्र मंडळ्यांना असोसिएट पुरते. कॅथलिक धर्मगुरूंसाठी धर्मसंहितेनुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान 6 वर्षं लागतात. यांच्या संप्रदायाचं उत्तर आलं: एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळकीय सेवेची पदव्युत्तर पदवी) हवी. तिच्यासाठी साधारणपणे आधी बॅचलर लागते, म्हणजे 120 क्रेडिट (कॉलेजातल्या अभ्यासाचं माप). असोसिएट त्याच्या निम्मी, 60. मग या दोन वर्षांची क्रेडिट पुढे बॅचलरला धरली जाणार का, एवढाच प्रश्न उरला.

इथेच अनेकजण फसतात. माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ छापलेलं असतं, पण मान्यता कोणाची, हे कोणी बघत नाही. मान्यता देणारी संस्था अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या किंवा ‘चिया’ (CHEA, मान्यता देणाऱ्या संस्थांना पारखणारी परिषद) हिच्या यादीत आहे का, ते तपासावं. बायबल कॉलेजांसाठी ‘एबीएचई’ (ABHE) ही अशी एक संस्था. ‘एटीएस’ (ATS) ही मान्यता देणारी संस्था ईश्वरविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण तपासते, त्यामुळे तिचं नाव दाखवून असोसिएटची खात्री देता येत नाही. मान्यता असली तरी क्रेडिट स्वीकारायची की नाहीत, ते पुढचं कॉलेज ठरवतं. पैसे भरण्याआधी ज्या दोन कॉलेजांत पुढे जायचा विचार आहे, त्यांच्या रजिस्ट्रारला (विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) विषयांची यादी पाठवून लेखी उत्तर घ्यावं. यांनी पाठवली, तेव्हा मंडळीसेवेच्या प्रात्यक्षिकाची क्रेडिट एका ठिकाणी धरली जाणार नाहीत, असं कळलं.

मग तासांचा हिशेब. एका क्रेडिटला आठवड्याला 1 तास वर्ग आणि साधारण 2 तास घरचा अभ्यास, 15 आठवडे. दोन वर्षांत पदवी संपवायची तर सत्राला 15 क्रेडिट, म्हणजे आठवड्याला 45 तास, तेही 40 तासांच्या नोकरीवर. असं घेतलेले विषय मध्येच सोडावे लागतात, आणि घेतलेल्यांपैकी साधारण 67 टक्के क्रेडिट पुरी झाली नाहीत तर सरकारी मदत थांबू शकते. 6 क्रेडिट घेतली तर 18 तास होतात. सरकारी कर्जासाठी किमान पात्रताही तेवढ्यावरच मिळते. मात्र वर्षाला दोनच सत्रं केली, तर 5 वर्षं लागतात. हा आकडा ऐकून नवरा खचला, पत्नी मात्र पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली; तिला भीती पैशांपेक्षा घरातला माणूस हरवण्याची होती.

त्यांनी 5 वर्षांचा मार्ग घेतला. पहिल्या सत्राला दोनच विषय: जुन्या कराराची ओळख आणि इंग्रजी लेखन. लेखन आधी घेण्याचा आग्रह आमचा होता. नवखा विद्यार्थी शास्त्रवचनांवर क्वचित अडतो. तळटिपांसह आठ पानी निबंध लिहिताना अडतो. शनिवारी सकाळचे चार तास अभ्यासासाठी राखून ठेवायचे, हे पत्नीनेच ठरवलं.