हळदीच्या पोत्यावरची चिठ्ठी

सांगली,
जानेवारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेतकरी उत्पादक कंपनीत गुणवत्तेचं काम हाती घेतलंस, तेही हळदीचा हंगाम तोंडावर असताना, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणापासून करू की तपासणीच्या यंत्रांपासून, असं तू विचारलं आहेस. माझं मत विचारशील तर आधी पुढच्या माणसाकडे जा. तुमची हळद सौद्यात घेणारा, त्याच्याकडून उचलणारा, दळणारा, पाकिटात भरून दूरच्या राज्यात पाठवणारा, अशा एकेकाला गाठ आणि दोनच गोष्टी विचार. आमच्या मालातलं तुम्हाला काय नाकारावं लागतं? आणि ते आमच्यापर्यंत कधी कळवलंत का?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी 'नाही' हेच उत्तर मिळेल. माल पुढं जातो, पण त्याची बातमी मागं येत नाही. मसाल्याच्या धंद्यात गुणवत्तेचं काम करताना मी उभ्या आयुष्यात हेच बघत आलो. पाकीट भरणाऱ्याच्या प्रयोगशाळेत एखादा लॉट नापास होतो, तो गिरणीवाल्याला ओरडतो, गिरणीवाला खरेदीदाराचे पैसे कापतो, खरेदीदार पुढच्या सौद्यात भाव पाडून बोलतो. शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडतो तो फक्त पडलेला भाव. का पडला, हे त्याला कुणी सांगत नाही. मग पुढच्या वर्षी तो सुधारणार काय?

आपल्या जिल्ह्याला एकत्र येणं शिकवावं लागत नाही. साखर कारखाने, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था, विकास सोसायट्या, हे सगळं इथल्याच माणसांनी उभं केलं. पण त्या सगळ्यात एकाच पायरीवरची माणसं एकत्र आली, ऊसवाला ऊसवाल्याबरोबर, दूधवाला दूधवाल्याबरोबर. हळद पिकवणारा, शिजवणारा, पॉलिश करणारा, अडत्या, खरेदीदार, गोदामवाला, गिरणीवाला हे मात्र अजून एकमेकांकडे संशयानंच बघतात. त्याला कारणंही आहेत. द्राक्षं उचलून पैसे न देता परागंदा झालेला व्यापारी तासगाव-मिरज पट्ट्यात कुठल्या गावानं पाहिला नाही? बेदाण्याच्या सौद्यात नमुना बघताना मुठीनं बेदाणा जमिनीवर उधळला जायचा, त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी किती वर्षं आवाज उठवला! ज्याच्या कष्टाचा माल पायदळी जातो, त्याला 'साखळीतला भागीदार' म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा गावच्या बैठकीत भागीदारीची भाषा लगेच करू नकोस. आधी बातमी मागं आणून दाखव.

हे जमतं याचा पुरावा तुझ्या घराजवळच आहे. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि माल अडला. त्यातून अपेडानं, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, ग्रेपनेट उभं केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, कृषी खात्याची पाहणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनं बागेतून उचललेला नमुना, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोचायची सोय. बागायतदार, निर्यातदार, प्रयोगशाळा, सरकार हे सगळे एका नोंदवहीत आले. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी घड तोडायचा, हा हिशेब आज तासगावचा साधा बागायतदारही तोंडपाठ सांगतो.

आणि तरीही २०१० साल आलं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपलं सीसीसी, वापरत होते. त्यात लपवाछपवी नव्हती, वर्षानुवर्षांची सवय होती. पण आपल्याकडे तपासायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. युरोपातल्या प्रयोगशाळांनी तपासलं, अंश सापडले, कंटेनर बंदरात अडकले. उन्हाळ्यात मारलेलं औषध वेलीत राहून पुढच्या हंगामाच्या मण्यांत उतरलं होतं. बागायतदाराला माहीत होतं आपण काय मारतो, प्रयोगशाळेला माहीत होतं आपण काय तपासतो. या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या गेल्या नाहीत आणि बुडाले ते बागायतदार आणि निर्यातदार दोघेही. नंतर यादी सुधारली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं तपासणीची व्याप्ती वाढवली, निर्यात पुन्हा सावरली. शेतात प्रत्यक्ष काय वापरलं जातं ते तपासणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि तपासणीत काय निघालं ते शेतात. तुझं अर्धं काम एवढंच आहे.

मला एक गोष्ट मात्र कायम सलत आली आहे. हा सगळा काटेकोरपणा परदेशी जाणाऱ्या पेटीसाठी. शेजारच्याच बागेतली, देशातल्या बाजारात जाणारी द्राक्षं कुठल्या बागेची, काय मारलेली, हे विचारणारं कुणी नाही. रॉटरडॅमच्या मुलाला जी काळजी मिळते ती पाटण्याच्या आणि जतच्या मुलाला का मिळू नये? म्हणूनच तुझी कंपनी देशातल्या बाजारासाठी हळद करते आहे, याचं मला जास्त मोल वाटतं.

आता हळदीचं बोलू. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण आपल्या मार्केट यार्डात कर्नाटकातून, तेलंगणातून, मराठवाड्यातून हळद येते. सौद्यानंतर पोती फुटतात, गिरणीत पाच ठिकाणचा माल एकत्र पडतो आणि कुणाची हळद कुठली हे यार्डाच्या फाटकापाशीच संपतं. मग चांगलं करणाऱ्याला चांगल्याचा भाव मिळणार कसा?

ओलाव्याचा हिशेब करून बघ. १५ टक्के ओलाव्याची १०० किलो हळद म्हणजे ८५ किलो कोरडा माल. तीच हळद शेतकऱ्यानं मन लावून १० टक्क्यांपर्यंत वाळवली तर वजन भरतं सुमारे ९४.४ किलो. दोघांना क्विंटलचा भाव एकच लावला, तर नीट वाळवणाऱ्याचे साडेपाच किलोचे पैसे गेले. ओली हळद गोदामात जाते, बुरशी धरते, तिचा रंग उतरतो. पुढं गिरणीवाल्याला तर अन्नसुरक्षा मानकाप्रमाणे पुडीचा ओलावा ठरावीक मर्यादेच्या आतच ठेवावा लागतो. म्हणजे वाळवण्याचा खर्च कुणीतरी करतोच, पण ज्यानं उन्हात उलथापालथ करून तो केला त्याला सौद्यात दंड होतो. 'शेतकरी नीट वाळवत नाहीत' असं तक्रारीच्या सुरात कुणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यापुढं मांड.

सौद्यातला जुना माणूस हळकुंड हातात घेऊन मोडतो. पुरतं वाळलेलं असेल तर कट्ट असा खणखणीत आवाज येतो आणि मोडलेली बाजू शिंगासारखी चकचकीत दिसते. ओलं असेल तर ते वाकून, चिवटपणे तुटतं. ही पारख खरी आहे, तिला कमी लेखू नकोस. तिच्या जोडीला ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा ठेव आणि तो आकडा भावाला बांधून घे. १२ टक्क्यांना मूळ भाव धरा, त्याखाली प्रत्येक टक्क्याला इतकी वाढ, त्यावर इतकी कपात, असं काढणीच्या आधी खरेदीदाराशी लेखी ठरव. माल यार्डात उतरल्यावर ठरवायला गेलीस तर गरजवंताला अक्कल नसते आणि शेतकरी तिथं गरजवंत असतो.

रंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरानंतर हळद नीट वाळली नाही, मळकट दिसू लागली, गिऱ्हाईक हात लावीना. तेव्हा पॉलिश करणाऱ्यांनी ड्रममध्ये लेड क्रोमेट, म्हणजे रंगकामातली पिवळी पूड, टाकायला सुरुवात केली. शिसं मुलांच्या मेंदूला कायमचं अधू करतं. संशोधकांनी साखळीतल्या प्रत्येकाला विचारलं, तेव्हा जो तो पुढच्याकडे बोट दाखवत होता. 'त्याला पिवळाधमक रंग लागतो म्हणून आम्ही टाकतो,' असं प्रत्येकाचं म्हणणं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. मग अन्नसुरक्षा प्राधिकरण, संशोधक, वर्तमानपत्रं, व्यापारी सगळे कामाला लागले. घाऊक बाजारात जागेवर तपासणारं यंत्र घेऊन धाड पडली, दंड झाले, आणि पॉलिशवाल्यांना हे विष आहे हे समजावून सांगितलं गेलं. २०२१ मध्ये तो आकडा शून्यावर आला. दोन वर्षांत! गरीब देशात हे होत नाही असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण सांगत जा.

ही गोष्ट सांगलीनं जास्तच ध्यानात ठेवायला हवी. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं सुखरूप राहायची. २००५ च्या महापुरानं त्या पेवांची वाताहत केली आणि २०१९ ला कृष्णा पुन्हा चढली. पुन्हा कधी भिजलेली, काळवंडलेली हळद बाजारात येईल, तेव्हा ती उजळ करून देण्याचा मोह कुणाला तरी होणारच. त्या दिवसासाठी नियम आजच करा. भिजलेला माल वेगळा ठेवायचा, त्याची वेगळी नोंद, वेगळा भाव आणि तोटा शेतकरी, कंपनी व खरेदीदार यांनी कोणत्या प्रमाणात वाटून घ्यायचा तेही लिहून ठेवायचं. सगळा तोटा एकाच्या गळ्यात पडणार असेल तर तो माणूस लपवणार. त्याच्या जागी तू-मी असतो तरी लपवण्याचा विचार मनात आलाच असता.

आणि पोत्यावर चिठ्ठी लाव. गावाचं नाव, गट नंबर, वाण सेलम की राजापुरी, शिजवल्याची तारीख, पॉलिश कुठं केलं, भरताना ओलावा किती. एवढंच. पहिल्या वर्षी संगणक, कोड वगैरेच्या नादी लागू नकोस. शाईनं लिहिलेली, पोत्याच्या शिवणीत अडकवलेली चिठ्ठी गिरणीपर्यंत शाबूत पोचली तरी खूप झालं. गिरणीवाल्याकडून एकच वचन घे, नापास झालेल्या पोत्याची चिठ्ठी कारणासह परत पाठवायची. नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद ठेव, एक शेतकऱ्याच्या नावानं कंपनीत, एक खरेदीदाराकडे, एक दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याकडे. अन्नसुरक्षा कायद्यातला अधिकारीसुद्धा नमुन्याचे चार भाग करतो, ते वादाला जागा राहू नये म्हणूनच. तपासणीचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापू देऊ नकोस. ज्याला खात्री हवी त्यानं त्यात वाटा उचलावा.

कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची पायरी आधी चढ. बियाणं, कंदकुज, करपा यांविषयी तिथं तुला जे मिळेल ते कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खात्रीचं असेल.

टिकाऊ शेतीबद्दल तू बरंच लिहिलं आहेस. त्यावर सध्या एकच सांगतो, कारण ते मला फार जवळचं आहे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. वर्षानुवर्षं उसाला पाट भरून पाणी दिलं, निचरा नव्हता, मीठ वर आलं. उपाय माहीत आहे, जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाणी बाहेर काढायचं. पण माझ्या रानातलं खारं पाणी खालच्या रानाच्या बांधापाशी जाऊन थांबणार. खालच्यानं वाट दिली, मुख्य चर सगळ्यांनी मिळून काढला, तरच वरच्याचं रान सुटतं. एकट्यानं कितीही पैसे घातले तरी उपयोग नाही. जिथं गावानं मिळून हे केलं तिथं पडीक रानं पुन्हा पिकाखाली आली आहेत. हळदीला तर पाणी साचलेलं मुळीच चालत नाही, कंद कुजतो. तुमच्या सभासदांपैकी कुणाची रानं चोपण-क्षारपड आहेत त्याची यादी कर आणि पाकीट भरणाऱ्या कंपन्यांपुढं ती उघडपणे ठेव. 'शाश्वत' असं पाकिटावर छापायचं असेल तर त्या चराच्या खर्चात तुमचाही वाटा यायला हवा, असं बेलाशक सांग. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा हिशेब मागतील, म्हणून खर्चाचा हिशेब तयार ठेव.

ओलावा, चिठ्ठी आणि भिजलेल्या मालाचा तोटा, या तीन गोष्टींच्या अटींचा मसुदा पंधरा-वीस ओळींत लिहून मला पाठव. बघून देतो. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की मार्केट यार्डात ये. दोन-तीन खरेदीदार आणि एक गिरणीवाला माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, त्यांची गाठ घालून देतो. येताना मीटर आण, आणि सभासदांपैकी दोघा शेतकऱ्यांना सोबत घेऊन ये. हे बोलणं त्यांच्या माघारी व्हायला नको.

तुझा,
सर