घरामागे चार बदकांसाठी छोटं तळं करायचंय. पाणी हिरवं होऊ नये म्हणून कोणता फिल्टर घ्यावा?

तुम्ही विट्याचे, मागे 10 बाय 12 फूट जागा, चार बदकं, आणि प्रश्न फिल्टरचा. फिल्टरच्या कंपन्या सांगणारे पुष्कळ भेटतील. मी उलट विचारते, तळाशी पाणी सोडायचं बूच कुठं ठेवणार आहात? ते ठरलं नसेल तर खणायला माणूस सांगू नका.

हे चिडून लिहितेय असं वाटलं तर बरोबरच वाटतंय.

आमचं घर सांगलीत, शामरावनगरात. इथली माती काळी आणि चिकट, पावसाळ्यात पायातली चप्पल काढून घेते आणि एप्रिलमध्ये भेगेत मनगटापर्यंत हात जातो. 2018 च्या दिवाळीत पाच बदकं आणली. माझं म्हणणं एवढंच होतं की जमिनीच्या वर दीड फुटाचा हौद बांधू, तळातून पाइप काढू, सोडलेलं पाणी केळीला जाईल. माझे धाकटे दीर बांधकामातले. ते म्हणाले, "वहिनी, हौद म्हशीला. बदकांना तळं लागतं." आणि आठ बाय सहाचा, चार फूट खोल खड्डा घेऊन, सळई घालून, आतून निळा रंग मारून तळं बांधून दिलं. बूच नाही. "बूच ठेवलं की तिथूनच गळतंय. मोटर टाका आणि उपसा."

पहिले चार दिवस येणारा-जाणारा फोटो काढत होता. दहाव्या दिवशी पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं.

याला कारण आहे. बदक पाण्यातच हगतं, तोंडातलं खाणं पाण्यात नेऊन कालवतं आणि परड्यातला चिखल पायांनी आत आणतं. विष्ठेतलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खतच, त्यात आपल्याकडचं ऊन. माशांच्या टाकीचे फिल्टर माशांच्या घाणीच्या हिशेबाने बनवलेले असतात. माझ्या फिल्टरचा स्पंज दीड दिवसात चिखलाचा गोळा व्हायचा. मोटरनं वरचं पातळ पाणी निघतं, गाळ तळालाच राहतो, आणि पिसं अडकून मोटर बसते ती वेगळीच. मग साडेपाच हजार लिटरच्या त्या खड्ड्यात घमेलं घेऊन कोण उतरायचं? मी. भाऊजी नव्हेत.

पुढच्या उन्हाळ्यात काळी माती आकसली आणि भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. रोज चार बोटं पाणी कमी. भाऊजींनी वरून शेततळ्याचा 500 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरला. आता बघा म्हणाले.

बघितलं. ऑगस्ट 2019, तो पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. परड्यात पाणी शिरायच्या आदल्या दिवसाची गोष्ट सांगते. गाळ काढायचा म्हणून तळं निम्मं उपसलेलं होतं. जमिनीतलं पाणी वर चढलं, तड्यातून कागदाखाली शिरलं, आणि आत वजन कमी असल्यामुळं कागद पोट फुगल्यासारखा पाण्याच्या वर आला. काळा, चकचकीत, मधोमध डुगडुगणारा फुगा, आणि त्यावर पाचही बदकं एका ओळीत उभी राहून पिसं साफ करतायत. संध्याकाळी ती गच्चीवर नेली. आम्हीही गच्चीवरच होतो म्हणा.

पूर ओसरल्यावर तळं बुजवा म्हटलं, तर म्हणे एवढा खर्च केलाय. मे 2020 मध्ये एक मादी सकाळी उठेना. पाय लुळे, दुपारपर्यंत पंख लोंबले, संध्याकाळी मान टाकली. लॉकडाऊन होता, डॉक्टर फोनवरच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तळाला किती दिवसांचा गाळ आहे?" उन्हाळ्यात साचलेल्या, हवा न मिळणाऱ्या गाळात काही कुजत असलं की बोटुलिझमचे जंतू विष तयार करतात, बदकं चोचीनं तोच गाळ ढवळून खातात, आणि लुळेपणा पायांकडून मानेकडं चढतो. मी रात्री बॅटरी धरून गाळ काढला तेव्हा तळाशी मेलेला उंदीर निघाला. भाऊजी आजही सांगतात की तिला ऊन लागलं.

त्या दिवाळीत गवंडी मी सांगितला. हौद पूर्ण जमिनीच्या वर, आठ बाय पाच, आत दीड फूट पाणी, म्हणजे साधारण 1,700 लिटर. तळाला एका कोपऱ्याकडं चांगला उतार आणि त्या कोपऱ्यात तीन इंची पाइप, बाहेर व्हॉल्व्ह. इंची पाइप घेऊ नका, एका पिसानं तुंबतो. तळात गोटे, वाळू काही टाकायचं नाही, सगळी घाण त्यातच बसते. आत उतरायला-चढायला विटांच्या पायऱ्या, बाहेरून खडबडीत उतार, वर हिरवी शेडनेट. दर तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडायचा, खराटा मारायचा, भरून घ्यायचं. पाणी केळी आणि अळूला जातं. कमळ, जलपर्णी लावा असं कुणी सांगेल, ती बदकं आठवड्यात फस्त करतात. तिसऱ्या दिवशी पाणी जरा हिरवट दिसतंच, त्यानं काही बिघडत नाही.

खोली लागत नाही, हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. बदकाला डोकं पूर्ण बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुता आल्या आणि अंगावर पाणी उडवता आलं की झालं. चार फूट खोली माणसाच्या हौसेची.

आता हे आधी सांगायला हवं होतं. तुमच्याकडं मुरूम, म्हणजे मातीच्या भेगांचं आणि फुग्याचं वर जे लिहिलं ते तुम्हाला फारसं लागू नाही. तुमच्याकडं खड्डा केलात तर पाणी जिरून जाईल, कागद लागेलच. आणि टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं असलं तरी उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी 1,700 लिटर सोडणं परवडणार नाही. चार बदकांना याच्या निम्मा हौद करा. एप्रिल-मेमध्ये तोही रिकामा ठेवून मोठी दोन घमेली रोज बदलली तरी चालतं. दुसरं, त्या मादीची तपासणी कुठं झाली नाही, म्हणजे बोटुलिझम हा डॉक्टरांचा फोनवरचा अंदाज आणि माझी खात्री.

पिल्लं आणणार असाल तर आईविना उबवलेली पिल्लं हौदात सोडू नका. त्यांच्या पिसांना अजून तेल नसतं, भिजून गारठतात. त्यांना ताटलीत खडे टाकून पाणी द्या. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बदकाला पुरेल एवढं नायसिन हे जीवनसत्त्व नसतं, पाय वाकडे होतात, म्हणून यीस्ट मिसळा. रात्री बदकांना खुराड्यात कोंडून ठेवा, मुंगूस एका रात्रीत सगळी संपवतं. आणि मायणीच्या तलावावर दिसतात तसली रानबदकं कुणी विकायला आणली तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

फिल्टरचं राहिलंच. भाऊजींनी हौसेनं आणलेला एक आमच्या माळ्यावर पडून आहे, स्पंज तेवढा नवा घालावा लागेल. सांगलीला येणं झालं तर फुकट घेऊन जा.