लेथसाठी स्वतःची रफिंग सायकल लिहायची असेल तर ती कशी बांधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीएनसी लेथच्या कंट्रोलरसाठी जी७१ सारखी रफिंग सायकल (फिनिशिंगच्या आधी जादा माल थराथराने काढणारा एकच आदेश) तुम्ही स्वतः लिहिताय. सरळ स्टेपच्या जॉबवर ती नीट चालते, पण टेपर किंवा मधला खड्डा आला की बिघडते. मग रचना कशी करावी?

पहिल्या आवृत्तीत खड्डे घेऊच नका. टूल चककडे सरकताना डाया वाढतो किंवा तेवढाच राहतो, एवढ्याच प्रोफाइल (जॉबच्या कडेचे आकार) घ्या. फानूक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये हा टाइप १. मधे डाया कमी झालेला चालतो तो टाइप २. टाइप १ ला अशी प्रोफाइल मिळाली, तर टूल हलायच्या आधीच अलार्म आला पाहिजे. अंदाज बांधून पुढे जाणारी सायकल मला मशिनवर नको, कारण तो अंदाज चुकला हे कळतं तेव्हा इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) गेलेला असतो.

टाइप १ चं गणित सोपं आहे. प्रत्येक पासमध्ये, म्हणजे कापण्याच्या एका फेरीत, एका उंचीवर (सेंटरपासूनच्या अंतरावर) उजवीकडून निघायचं आणि प्रोफाइल त्या उंचीच्या वर जिथे पहिल्यांदा जाते तिथे थांबायचं. गोची होते ती पासची उंची आणि एखादा सरळ डाया अगदी एकच आले की. तिथे रेषेवर रेष बसते, छेद अगणित, आणि दशांशातल्या बारीक फरकामुळे पास कधी शोल्डरपर्यंत (पायरीच्या उभ्या भिंतीपर्यंत) जातो, कधी आधीच थांबतो. म्हणून नियम एकदाच ठरवा: प्रोफाइल उंचीपेक्षा ‘जास्त’ झाली तरच थांबा, ‘तेवढीच’ असेल तर पुढे जा. तुलनेला मायक्रॉनभराची सूट ठेवा. कंस असतील तर त्यांचे लहान सरळ तुकडे करण्यापेक्षा वर्गसमीकरण सोडवा. काम फारसं वाढत नाही आणि छेद अचूक मिळतो.

डेप्थबद्दल, म्हणजे एका पासमध्ये किती खोल कापायचं याबद्दल, माझं मत ठाम आहे: पास समान वाटा. समजा एका बाजूने ८.१ मिमी माल काढायचाय आणि डेप्थ २ मिमी दिलीय. सरळ वजा करत गेलात तर चार पास २ चे आणि शेवटचा ०.१ चा. तो शेवटचा कापत नाही, घासतो; चिप तुटत नाही आणि इन्सर्टची धार जाते. भागाकार करून वरचा पूर्णांक घ्या: पाच पास, प्रत्येकी १.६२. ऑपरेटरने दिलेला आकडा ही कमाल मर्यादा समजायची.

आता टेपर. प्रत्येक पास प्रोफाइलपाशी पोचला की ४५ अंशांत बाहेर काढून रॅपिडने मागे आणलात, तर टेपरवर पायऱ्या राहतात. एका बाजूचा कोन १० अंश आणि डेप्थ २ मिमी असेल तर प्रत्येक पायरी ११ मिमीपेक्षा थोडी जास्त लांब. नंतर प्रोफाइलवरून शेवटचा सेमी-फिनिश पास मारताना टूलवरचा भार शून्यापासून जवळजवळ २ मिमीपर्यंत वरखाली होतो. त्यापेक्षा पास संपला की प्रोफाइलच्या कडेने मागच्या पासच्या उंचीपर्यंत चढा आणि मगच बाहेर या. वेळ थोडा जास्त जातो, पण फिनिशिंगला माल सगळीकडे सारखा राहतो. बोअरिंगमध्ये (भोक आतून कापताना) बाहेर येण्याची दिशा उलटी, सेंटरकडे. तिथे ही माघार ऑपरेटरला ठरवू द्या, कारण लहान बोअरमध्ये बारची पाठ समोरच्या भिंतीला लागू शकते.

टाइप २ कडे वळलात की खरा त्रास सुरू होतो, आणि तो दोन ठिकाणांहून येतो.

एक म्हणजे फिनिशिंगसाठी ठेवलेला माल, म्हणजेच अलाउन्स. बहुतेक सायकली प्रोफाइल एक्समध्ये (डायाच्या दिशेने) आणि झेडमध्ये (लांबीच्या दिशेने) नुसती सरकवतात. चढत्या प्रोफाइलवर हे ठीक चालतं. रेडियसवर ०.२५ आणि झेडमध्ये ०.१ ठेवलं, तर ४५ अंशांच्या उतारावर पृष्ठभागाला काटकोनात पाव मिमीच्या आसपास माल राहतो. पण खड्ड्यात उतरणाऱ्या बाजूला झेडचं सरकणं उलटं पडतं. ४५ अंशांवर जेमतेम ०.१ उरतो आणि ७० अंशांवर हिशोब उणे होतो, म्हणजे रफिंगच फिनिश साइझच्या आत कापतं. म्हणूनच टाइप २ मध्ये झेडचा अलाउन्स शून्य ठेवायला सांगतात. तुम्ही नव्याने लिहीतच आहात, तर प्रोफाइल सरकवण्याऐवजी तिला काटकोनात ऑफसेट करा आणि हा प्रश्नच काढून टाका.

दुसरं कारण टूलच्या टोकाचा रेडियस, आणि याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. रफिंगमध्ये नोज रेडियस कॉम्पेन्सेशन (या गोलाईसाठी टूलच्या मार्गात केलेली दुरुस्ती) नसलं तरी चालतं, हे बाहेरच्या चढत्या प्रोफाइलपुरतंच खरं आहे. तिथे माल जास्त उरतो: ०.८ च्या इन्सर्टने ४५ अंशांच्या चॅम्फरवर (तिरक्या कापलेल्या कडेवर) साधारण ०.३३ मिमी, जो फिनिशिंगमध्ये निघून जातो. उतरत्या बाजूला मात्र उलटं होतं. टूलचा काल्पनिक कोपरा (टोक गोल नसतं तर जिथे आलं असतं तो बिंदू) प्रोफाइलवर चालतो, पण खरी गोल धार त्याच्या मागे, मालाच्या आत असते. ३० अंशांच्या उतारावर हाच इन्सर्ट सुमारे अर्धा मिमी जास्त खातो. पाव मिमीचा अलाउन्स तिथे कुठे पुरणार? तेव्हा टाइप २ मध्ये रफिंगच्या आधीच प्रोफाइल नोज रेडियसने ऑफसेट करणं मी सक्तीचं ठेवीन.

उताराचा कोन इन्सर्टची मागची कड ठरवते. ८० अंशांच्या टोकाचा इन्सर्ट ९५ अंशांच्या होल्डरमध्ये (पुढची कड ज्या कोनात धरली जाते तो कोन) बसवला की मागे ५ अंश उरतात. तो खड्ड्यात उतरणारच नाही. ५५ चा ९३ मध्ये ३२ अंश देतो, ३५ चा ५२. यातून दोन-तीन अंश सुरक्षेला वजा करून तेवढ्याच उतारापर्यंत सायकल चालू द्या. त्याहून तीव्र भिंत आली तर टूलला मर्यादेच्या कोनातच उतरवा, आणि तिथे माल शिल्लक राहतोय हे स्क्रीनवर सांगा. पण त्यासाठी हा कोन टूल टेबलमध्ये असायला हवा. आज नसेल तर तो रकाना आधी घाला, टाइप २ नंतर.

पॅरामीटरच्या बाबतीत फानूकची नक्कल नको. त्यांच्या दोन ओळींच्या जी७१ मध्ये पहिल्या ओळीतला यू म्हणजे डेप्थ, रेडियसमध्ये. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगचा माल, डायामध्ये. एकाच अक्षराचे दोन अर्थ आणि दोन मोजमापं. सवय झालेल्याला त्रास होत नाही, नवा माणूस मात्र दुप्पट किंवा निम्मा माल ठेवून बसतो. तुम्ही वेगळी अक्षरं घ्या. पी ते क्यू मधला, म्हणजे प्रोफाइलच्या पहिल्या ते शेवटच्या ओळीतला, फीड रफिंगने वापरायचा नाही, तो फक्त जी७० या फिनिशिंग सायकलसाठी. ही पद्धत मात्र जशीच्या तशी ठेवा, लोकांच्या हातात बसलेली आहे.

चाचणीसाठी मशिन लागत नाही. कॉम्प्युटरवर स्टॉकचा (कच्च्या मालाचा) उभा छेद बारीक चौकटींत ठेवा, इन्सर्टचा पूर्ण आकार प्रत्येक हालचालीत त्यातून वजा करत जा आणि दोनच गोष्टी तपासा: रॅपिडमध्ये एकही चौकट कापली जाता कामा नये, आणि शेवटी फिनिश प्रोफाइलच्या आतली एकही चौकट गेलेली नसावी. मग यादृच्छिक प्रोफाइल तयार करून रात्रभर चालवा. शोल्डरला टेकलेला कंस आणि शून्य लांबीची रेषा त्यात मुद्दाम टाका.