मागच्या स्प्रॉकेटचे नट आवळले तरी परत ढिले का होतात?

तुमची १०० सीसीची गाडी आहे, मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) हलतंय आणि गॅरेजात दोनदा नट आवळून घेतले तरी आठ दिवसांत पुन्हा खडखड सुरू होते, असं तुम्ही लिहिलंय. तिसऱ्यांदा नुसते नट आवळून घेऊ नका.

मी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आहे. दिवसभर हादरणारी मशिनं सांभाळायची, त्यामुळे ढिले नट रोजचेच. एकाच जागचा नट दुसऱ्यांदा ढिला झाला की आम्ही नट सोडून शेजारी काय झिजलंय ते बघतो. मागावर एवढी अक्कल चालवणारा मी, स्वतःच्या गाडीला मात्र तीनदा पाना लावून मोकळा झालो. शेवटी अक्कलकोट रोडवर चेन उतरली. वेग नव्हता म्हणून वाचलो, नाहीतर चेन अडकून मागचं चाकच जाम होतं.

आधी चेन कव्हर काढा. या गाड्यांना ते पूर्ण झाकणारं असतं, म्हणून आतलं दुखणं दिसतच नाही. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. (चालू गाडी गिअरमध्ये टाकून चेनजवळ बोट नेणारे महाभाग आमच्याकडेही आहेत. बोटं जातात.) आता चाक घट्ट धरून स्प्रॉकेट फिरायच्या दिशेने पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट ज्याच्यावर बसतं त्या कपलिंगसकट ते हललं, तर आतले रबर दबलेत. हे रबर इंजिनचा झटका पितात. थोडी लवचीकता असायचीच, पण टक्‌ टक्‌ वाजता कामा नये. मग ते आत-बाहेर हलवून बघा. कपलिंग जागेवर आणि नुसतं स्प्रॉकेट डुलत असेल तर दोष नट, बोल्ट किंवा भोकांचा. दोन्ही मिळून डुलत असतील तर बेअरिंग किंवा बुश तपासा.

माझ्या गाडीत रबर पार चेपले होते. क्लच सोडला की प्रत्येक वेळी हातोडीसारखा ठोका बसायचा. त्यातून नट सैल झाले आणि सैल नटांवर गाडी पळवल्याने स्प्रॉकेटची भोकं लांबट झाली. अशा भोकात बोल्ट कितीही आवळा, तो हलत राहतो. ते स्प्रॉकेट बदलावंच लागतं, आणि बदलायचं तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट घ्या. जुनी ताणलेली चेन नवे दात लवकर खाते. रबरात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा जुगाड मीही केलाय. गाव गाठण्यापुरता ठीक, कायमचा नाही. नवे रबर काही महाग नसतात.

नट खोलायची एक युक्ती: चाक काढायच्या आधीच ते सैल करा, दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. चाक उतरवल्यावर कपलिंग हातात गरगर फिरतं आणि पाना घसरून बोटं सोलतात. नटाखाली पत्र्याचा लॉक वॉशर असेल तर त्याची दुमडलेली कानं आधी छन्नीने सरळ करा. नेमकं हेच बरेच जण टाळतात: परत बसवताना तोच मोडका वॉशर घालतात किंवा कान दुमडतच नाहीत. वॉशर नवा घ्या. आटे रॉकेलने धुऊन कोरडे करा, ग्रीस लावू नका. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या, शेवटी कान नटाच्या सपाट बाजूला दाबून बसवा. ज्याचे आटे गेलेत तो बोल्ट बदलाच.

चेन बसवताना तिची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं. बहुतेक छोट्या गाड्यांना चेनचा ढिलेपणा (मधोमध वर-खाली हलणं) २० ते ३० मिमी लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. आणि ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी व तिची पिन परत बसवायला विसरू नका.

मी काम झाल्यावर तुळजापूरला जाऊन आलो, येऊन-जाऊन साधारण ९० किलोमीटर. घरी आल्यावर कव्हर काढून पुन्हा पाना लावून बघितला. एकही नट हलला नाही.