प्रत्येक राउटमध्ये ट्राय-कॅच हवाच का?

प्रश्न : मी एका पतसंस्थेच्या ॲपचा सर्व्हर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) आणि त्यावरच्या एक्सप्रेस ४ या फ्रेमवर्कवर लिहिते. प्रत्येक राउटमध्ये, म्हणजे एकेका पत्त्यावरची विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये, चूक पकडणारा ट्राय-कॅच आहे. काही चुकलं की २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) स्टेटसबरोबर ‘सक्सेस : फॉल्स’ आणि एररचा मूळ मेसेज जातो. राउट वाढत चाललेत, कोड वाचवत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी तो २०० काढा. मॉनिटरिंग स्टेटस बघतं, त्यामुळे पैसे भरणं तासभर बंद पडलं तरी तुमच्या आलेखावर सगळं आलबेल दिसेल.

मग एकच शिस्त पाळा: चूक जिथे कळते तिथे ती फक्त थ्रो करा, म्हणजे वर फेका, उत्तर एकाच ठिकाणाहून द्या. स्टेटस आणि कोड सांभाळणारा स्वतःचा एरर क्लास करा. तोच मोबाइल नंबर पुन्हा नोंदवला, तर पोस्टग्रेस डेटाबेस २३५०५ हा कोड देतो. डेटाबेसच्या थरातच त्याचा ४०९ (आधीच्या नोंदीशी संघर्ष) करा. बाकी सगळं शेवटच्या मिडलवेअरकडे, म्हणजे विनंतीच्या वाटेवरच्या शेवटच्या फंक्शनकडे, जाऊ द्या. त्याला चार पॅरामीटर लागतात आणि तो सगळ्या राउटनंतर यावा लागतो. चौथा पॅरामीटर ‘नेक्स्ट’ वापरात नाही म्हणून लिंटर (कोड तपासणारं साधन) कुरकुरेल, तरी तो काढू नका. पॅरामीटर चार आहेत यावरूनच एक्सप्रेस त्याला एरर हँडलर समजतं.

मात्र एक्सप्रेस ४ मध्ये असिंक (उत्तराची वाट बघणाऱ्या) फंक्शनमधली चूक तिथवर आपोआप पोचत नाही. रिक्वेस्ट लटकते आणि नोड १५ पासून तर न पकडलेलं रिजेक्शन (अशा फंक्शनमधली चूक) अख्खी प्रोसेस पाडतं. म्हणून प्रत्येक हँडलर चूक पकडून पुढे देणाऱ्या एका छोट्या रॅपरमधून न्या, किंवा सरळ एक्सप्रेस ५ वर जा. तिथे हे काम फ्रेमवर्कच करतं.

अनोळखी चुकीला ५०० (सर्व्हरची चूक), एक साधं वाक्य आणि रिक्वेस्ट आयडी, बस. स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली त्याचा माग) त्याच आयडीसह लॉगमध्ये ठेवा. मूळ मेसेजमधून टेबलांची, कॉलमांची नावं बाहेर जातात, आणि हा लोकांच्या ठेवींचा मामला आहे. इथे मी जराही सूट देणार नाही. उत्तराच्या साच्यासाठी आरएफसी ९४५७ हे इंटरनेट मानक वाचा. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल ही नावं तयारच मिळतील.

हे सगळं चालू पत्त्यावर मात्र करू नका. सभासदांच्या फोनमधलं जुनं ॲप अजून ‘सक्सेस’च शोधतंय. नवे राउट ‘व्ही२’खाली सुरू करा आणि जुन्यांवरची वर्दळ थांबली की मगच ते बंद करा.